हातच्याचा वापर, हाताचा नव्हे

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
शिक्षण विभाग, दुसरा मजला,
बंद पडलेल्या लिफ्टसमोर.

मार्फत: मा. मुख्याध्यापक (यांनी अर्ज न वाचता पुढे पाठवण्याचे मान्य केले आहे).

विषय: 'हाताचा वापर' या आरोपातून मुक्तता होऊन तिसरी 'ब'चा वर्ग अर्जदारास परत मिळणेबाबत.

संदर्भ: १) तपासणी अहवालाची टंकलिखित प्रत. २) आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस. ३) अर्जदाराचा खुलासा. ४) तो खुलासा परत पाठवल्याचे पत्र. ५) अर्जदाराचा दुसरा खुलासा, ज्याची पोचही आली नाही.

महोदय,

अर्जदार ही तिसरी 'ब'ची वर्गशिक्षिका असून सध्या शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत, हवा गेलेल्या चेंडूंच्या संगतीत, चौकशी संपण्याची वाट पाहत बसली आहे. अर्जात स्वतःला 'मी' म्हणू नये, 'अर्जदार' म्हणावे, असे पहिला खुलासा परत करताना आपल्या कार्यालयाने सुचवले होते. त्यानुसार पुढे जे काही घडले आहे ते अर्जदाराच्या बाबतीत घडले आहे, आणि जो काही संताप झाला आहे तोही अर्जदाराचाच समजावा.

१. अंगावर आलेले बालंट कळण्यासाठी आधी 'हातचा' म्हणजे काय ते सांगणे भाग आहे. साहेबांना बेरीज येते याबद्दल अर्जदाराला शंका नाही. पण चौकशी समितीच्या तिघांपैकी एकालाही हा शब्द आठवला नाही, आणि दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून प्यावे लागते. तर अठ्ठावीस आणि सत्तेचाळीस यांची बेरीज घ्यावी. आठ आणि सात पंधरा. त्यातले पाच एककाखाली लिहायचे आणि राहिलेला एक दशकाच्या डोक्यावर मांडायचा. हा हातचा एक. मग दोन, चार आणि हा एक मिळून सात, म्हणजे उत्तर पंचाहत्तर. तिसरीतली मुले पंधरातले पाच झोकात लिहितात आणि हातच्याला तिथेच सोडून पुढे निघून जातात. उत्तर येते पासष्ट. अर्जदाराने हातचा लाल खडूने लिहून पाहिला, त्याला गोल करून पाहिला, दर गणिताला घसा बसेपर्यंत 'हातचा, हातचा' असे ओरडून पाहिले. सगळे पालथ्या घड्यावर पाणी.

२. मागच्या बाकावर एक मुलगी बसते. तिला काही विचारले की ती उत्तर शेजारणीच्या कानात सांगायची आणि शेजारीण ते वर्गाला ऐकवायची. मुले तिला 'कुजबुज' म्हणत. एके दिवशी शेजारीण उठून म्हणाली, "बाई, ही विचारतेय, हातचा म्हणजे कुणाच्या हातचा?" वर्ग हसला. अर्जदारही हसली, कारण इतकी वर्षे शिकवून हा साधा प्रश्न तिला स्वतःला कधी पडला नव्हता. हसण्याच्या भरात ती बोलून गेली, "अगं, तो कुणाचाच नसतो. म्हणून तर सगळे त्याला विसरतात." त्यावर कुजबुजने, शेजारणीची मदत न घेता, अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असे विचारले, "मग तो रडत नाही का?"

३. दुसऱ्या दिवसापासून वर्गात फरशीवर खडूने घरे आखून बेरजा होऊ लागल्या. मुले गळ्यात पुठ्ठ्याचे अंक अडकवून आपापल्या घरात उभी राहत. दशकाच्या मागे एक बुटके स्टूल ठेवले जाई आणि त्यावर हातचा चढे. वर्गाने त्याला धरून बेरीज केली तर तो ऐटीत खाली उतरून उत्तरात सामील व्हायचा. विसरले, तर जमिनीवर लोळण घेऊन भोकाड पसरायचे, "मला टाकून गेलात! सगळे उत्तरात गेले आणि मी एकटाच राहिलो!" हे काम सगळ्यांत चांगले कोण करत असेल? कुजबुज. तिचे भोकाड शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू जात असे. मुलांनी तिचे नाव बदलून 'भोंगा' ठेवले आणि ते तिला फार आवडले. वर्ग हसून हसून बाकांवर आडवा होई, आणि पुढच्या बेरजेला चाळीसच्या चाळीस मुले बोट दाखवून ओरडत, "हातचा! हातच्याला घ्या!"

४. हसण्याने वर्ग बिघडतो असा आपल्या कार्यालयाचा समज दिसतो. अर्जदाराने वर्गात उभे राहून जे पाहिले ते नेमके उलटे आहे. चुकायला भिणारे मूल उत्तर येत असूनही तोंड उघडत नाही, आणि तोंडच उघडले नाही तर त्याचे काय चुकते ते शिक्षकाला तरी कसे कळणार? हसू आले की मुलाचे खांदे सैल होतात, वही लपवणारा हात बाजूला होतो आणि खोडलेले, गिचमीड केलेले गणित उजेडात येते. विनोद म्हणजे टवाळी नव्हे, हेही अर्जदाराला कळते. तिच्या वर्गात एकच नियम होता: हसायचे ते हातच्याला, एकमेकांना नाही. हा नियम एकदा मोडला गेला तेव्हा अर्जदाराने मोडणाऱ्यालाच हातचा केले. त्याने इतके सुंदर भोकाड पसरले की ज्याला तो हसला होता तोच त्याला उचलायला धावला.

५. अशाच एका तासाला तपासणी साहेब दारात येऊन उभे राहिले. त्यांनी पाहिले ते असे: एक मुलगी जमिनीवर लोळून रडत आहे, बाकीचा वर्ग हसतो आहे, आणि शिक्षिका टेबलाला धरून डोळे पुसत आहे. साहेब सज्जन होते. ते मागच्या बाकावर बसले, दोन बेरजा पाहिल्या, तिसऱ्या बेरजेला स्वतःच "अरे, हातचा राहिला!" असे ओरडले आणि मग ओशाळून वहीत डोके घालून बसले. जाताना त्यांनी स्वहस्ते शेरा लिहिला: "बेरजेच्या तासाला हातच्याचा वापर समाधानकारक. एक विद्यार्थिनी जमिनीवर लोळून रडत होती, वर्ग व शिक्षिका हसत होत्या. उपक्रम चालू ठेवावा."

६. हा शेरा टंकलेखनासाठी गेला. टंकलेखकाला 'हातच्याचा' या शब्दात एक 'चा' जास्तीचा वाटला. साहेबांची चूक चव्हाट्यावर येऊ नये म्हणून त्याने ती परस्पर सुधारली आणि लिहिले: "बेरजेच्या तासाला हाताचा वापर समाधानकारक." बाकीचा मजकूर त्याने जसाच्या तसा ठेवला. आपण हा परिच्छेद एकदा पुन्हा वाचून पाहावा. हाताचा वापर समाधानकारक, मुलगी जमिनीवर लोळून रडत होती, शिक्षिका हसत होत्या, उपक्रम चालू ठेवावा. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा आला तर त्यात वाचणाऱ्याचा दोष नाही. पण मूळ कागद टंकलेखनानंतर रद्दीत गेला आणि तपासणी साहेब बढतीवर दुसरीकडे गेले. त्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुमचा वर्ग मला आठवतो हो, पण टाईप होऊन सही झाली की तेच माझं मत. आता मी काय करू?"

७. नोटिशीत अर्जदाराला विचारले होते की, हाताचा वापर कोणाच्या समाधानासाठी केला. अर्जदाराने खुलासा लिहिला, त्यात हातचा समजावला, बेरीज करून दाखवली, स्टुलाची आकृतीसुद्धा काढली. तो खुलासा "सदर खुलाशात हाताविषयी काहीही नाही, विषयाला धरून लिहावे" या शेऱ्यासह परत आला. दुसऱ्या खुलाशात अर्जदाराने लिहिले की हात वापरलाच नाही, तर हाताविषयी लिहिणार काय. त्याचे काय झाले ते आपल्या कार्यालयालाच ठाऊक.

८. त्यानंतर चौकशी समिती आली आणि तिने मुलांचे जबाब घेतले. साहेबांच्या फायलीत ते असतीलच, पण ते जसे बोलले गेले तसे तिथे नाहीत. अर्जदार दाराबाहेर उभी होती आणि दार नीट लागत नाही. समितीने पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारले, "बाई वर्गात हाताचा वापर करतात का?" तो म्हणाला, "हाताचा नाही, हातच्याचा." समितीने नोंदवले की मूल अडखळत बोलत होते. "बरं, तेच. रोज करतात?" "रोज." "लागतो का?" "कधी लागतो, कधी नाही. नऊपर्यंत नाही लागत." समितीने नोंदवले की विद्यार्थी नऊपर्यंत सहन करू शकतो. "कुणाला देतात?" "दशकाला." "हा दशक कोण?" "एककाच्या शेजारी राहतो. डावीकडे." मुले हसू लागली, तर समितीने लिहिले की मुले भीतीपोटी हसत होती. वर्गाच्या हजेरीपटात दशक नावाचा विद्यार्थी सापडला नाही. मार सहन न होऊन त्याने शाळा सोडली असावी, असा संशय व्यक्त करून त्याच्या पालकांना हजर राहण्याचे पत्र शाळेकडे देण्यात आले. ते पत्र अजून मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून आहे. त्यांना ते कुणाला द्यावे कळत नाही, आणि समितीला खरे सांगायची त्यांची छाती होत नाही.

९. मध्यंतरी आपल्या कार्यालयाने कळवले की, मारहाण नसून विनोद होता असे अर्जदाराचे म्हणणे असेल तर तिने वापरलेल्या सर्व विनोदांची यादी तीन प्रतींत सादर करावी आणि मुले जिथे हसतील तिथे खूण करावी. विनोदाची अशी चिरफाड करणे अर्जदाराच्या जिवावर आले, तरी तिने यादी केली. उदाहरणार्थ: "एकोणतीस म्हणजे तीसच, पण त्यांच्यातला एकजण अजून घरी चप्पल शोधतोय." (येथे हसतात.) आवक-जावकच्या टेबलावरच्या लिपिक बाई यादी घेता घेता फिसकन हसल्या आणि लगेच खोकल्याचे सोंग केले. पंधरवड्याने यादी परत आली. चपलेच्या विनोदासमोर "एकजण कोण, याचा उल्लेख नाही" असे लिहिले होते आणि शेवटी एकूण शेरा होता: "सर्व विनोद वाचले. हसू आले नाही. सबब नामंजूर." विनोद कागदावर वाचून हसू येत नाही म्हणून तो वर्गात सांगू नये, हा न्याय लावायचा तर पोहणेसुद्धा कागदावरच शिकवावे लागेल.

१०. तिसरी 'ब' सध्या शेजारच्या वर्गाच्या सरांकडे जोडली आहे. मुले त्यांना 'चूप सर' म्हणतात. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना आवाज सोसत नाही. क्रीडासाहित्याची खोली आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची भिंत आहे, त्यामुळे अर्जदाराला सगळे ऐकू येते, किंवा खरे तर काहीच ऐकू येत नाही. मागच्या आठवड्यात सरांनी फळ्यावर अठ्ठावीस अधिक सत्तेचाळीस घातले आणि सर्वांनी एका सुरात उत्तर दिले, "पासष्ट." कुणी रडले नाही, कुणी हसले नाही. सर म्हणाले, "शाब्बास, आवाज एकसारखा आला पाहिजे." सरांनी उत्तर तपासले नाही. अर्जदार फळ्यांच्या अलीकडे चेंडू मांडीवर घेऊन बसली होती. उठून भिंतीवर धडका द्याव्यात असे तिला वाटले. पण चौकशी चालू असता वर्गात हस्तक्षेप करू नये, असा आपलाच आदेश आहे.

११. आता ज्या गोष्टीसाठी हा अर्ज खरोखर लिहिला आहे, ती. अहवालातली "जमिनीवर लोळून रडणारी विद्यार्थिनी" म्हणून समितीने भोंग्याला एकटीला बोलावले. तिची आई कपड्यांना इस्त्री करण्याचे काम करते. तीही हातातले काम टाकून आली आणि समितीला म्हणाली, "अहो, ही पोरगी आधी घरीसुद्धा तोंड उघडत नव्हती. आता इस्त्रीचे कपडे मोजताना मला ओरडते, 'आई, हातचा विसरलीस!' आणि तुम्ही त्या बाईंना कसला जाब विचारताय?" समितीने लिहिले की पालक दबावाखाली वाटतात. मुलीने स्पष्ट सांगितले, "बाई मारत नाहीत. मी खोटं खोटं रडले." समितीने यातला 'खोटं' हा शब्द तेवढा उचलला आणि विद्यार्थिनीच्या जबाबावर विश्वास ठेवता येत नाही असे नोंदवले. दोन दिवसांनी ती मुलगी नळावर पाणी प्यायला आली असताना अर्जदाराच्या जवळ येऊन थांबली. आजूबाजूला पाहिले आणि अर्जदाराच्या कानात, पूर्वी शेजारणीला सांगायची तशी, हळूच म्हणाली, "बाई, मी रडले म्हणून तुम्हाला बाहेर काढलं का?" अर्जदाराने नाही म्हणून सांगितले. तिला ते पटले नाही. ती तेव्हापासून वर्गात एक अक्षर बोललेली नाही. अर्जदाराला या सगळ्या प्रकरणाचा जेवढा संताप आहे तो एकीकडे आणि त्या एका वाक्याचे दुःख एकीकडे.

१२. ही फाईल का मिटत नाही, हे विचारायला अर्जदार आपल्या कार्यालयात आली असता आवक-जावकच्या त्याच लिपिक बाईंनी तिला जिन्याजवळ नेले आणि समजावले, "बाई, तुम्ही उगीच डोकं आपटताय. हसवण्याला आमच्याकडे नियमच नाही, मग निकाल कशाखाली लावणार? मारण्याला नियम आहे. पहिल्यांदा कबूल केलं की लेखी समज देतात आणि लगेच वर्गावर पाठवतात. द्या लिहून एकदाचं." जिने आयुष्यात कुणा मुलाला टपली मारली नाही, तिने वर्ग परत मिळवायचा तर मुलांना मारते असे लिहून द्यावे! तरीही, साहेब, खोटे कशाला सांगू, अर्जदाराने कबुलीचा छापील कोरा नमुना घरी आणला आणि लिहायला बसली. वर्गासाठी तेवढे करायला ती तयार होती. पण त्यात "ज्यास मारले त्या विद्यार्थ्याचे नाव" अशी एक ओळ आहे. अर्जदाराने चाळीसही नावे मनात म्हणून पाहिली. एकही नाव तिथे लिहवेना. आणि त्या मुलीचे लिहिले असते, तर "बाई मारत नाहीत" हे तिने समितीसमोर मोठ्याने बोललेले वाक्य कायमचे खोटे ठरले असते.

१३. म्हणून अर्जदार जे खरे आहे तेवढेच कबूल करत आहे. ही कबुली तिच्या हातची असून त्यात कुणी एक 'चा' कमी-जास्त करू नये, ही विनंती:

"आपल्या कार्यालयाची नोटीस मिळाली त्या दिवशी, दुपारच्या सुट्टीनंतर, तिसरी 'ब'च्या वर्गात, 'हाताचा वापर कोणाच्या समाधानासाठी केला' हे वाक्य वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. हाताचा वापर झाला आहे. ज्यास मारले तिचे नाव: अर्जदार. समाधान कोणाचेही झाले नाही."

अर्जदाराने इथे 'मी' लिहिले आहे, कारण कबुली दुसऱ्या कुणाच्या तोंडून शोभत नाही. त्याबद्दल वेगळी नोटीस काढायची असल्यास काढावी.

तरी नियमाप्रमाणे अर्जदारास पहिल्या चुकीची लेखी समज द्यावी आणि सोमवारपासून तिसरी 'ब' परत द्यावी. पुढच्या धड्यात तीन अंकी बेरजा आहेत, त्यात दोन-दोन हातचे लागतात आणि ते कुणीतरी शिकवायलाच हवेत. यापैकी काहीच जमणार नसेल, तर निदान एक करावे. आपण स्वतः एकदा शाळेत यावे, मागच्या बाकावरच्या त्या मुलीला जवळ बोलवावे आणि तिच्या रडण्यामुळे कुणालाही बाहेर काढलेले नाही, हे तिला सांगावे. अर्जदाराने सांगून पाहिले, तिला खरे वाटत नाही. ती साहेब लोकांना फार भिते. गंभीर चेहऱ्याने सांगितले तर तुमचेही तिला खरे वाटणार नाही. म्हणून सांगताना साहेबांनी थोडे हसावे.

हात आवरून, आपली नम्र,

(सही)
तिसरी 'ब'च्या बाई
सध्या क्रीडासाहित्याच्या खोलीत

दिनांक: शनिवार, शाळा सुटल्यावर